क्रँकचे टवके उडतायत: बूट, फिल्म की जुनी ट्यूब?

टेकडीकर

मंडळी, उन्हाळ्यात नवी हार्डटेल एमटीबी घेतली, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली डोंगरी सायकल. क्रँक, म्हणजे पेडल ज्याला बसतं तो दांडा, ॲल्युमिनियमचा, काळा, १७५ मिमी लांब. फिरणं मुख्यतः पुण्यातली वेताळ टेकडी, जुन्या दगडखाणीच्या वरची वाट, आणि कधी सुट्टीच्या दिवशी मुळशीकडे. पावसाळा सरायच्या आत क्रँकचं पार रूप गेलंय. दोन्ही टोकांना, म्हणजे पेडल बसतं तिथे खालच्या बाजूला, काळा थर उडून पांढरा धातू दिसतोय. पुढच्या कडेवर बारीक बारीक टवके. उजव्या दांड्याच्या टोकाशी एक आडवी खाच आहे, तीत नख अडकतं. शिवाय बाहेरच्या अंगाला मधोमध एक चकचकीत पट्टा पडलाय, तो दगडाने पडला असेल असं वाटत नाही.

बाजारात क्रँकच्या टोकावर चढवायचे रबरी बूट मिळतात, पारदर्शक फिल्मचे कापलेले तुकडेही मिळतात. दुकानदार म्हणतो फिल्म घ्या, मित्र म्हणतो ट्यूब कापून चढव. तुम्ही काय लावता? आणि त्या खाचेची काळजी करावी का?

गप्पीदास

एमटीबी घ्यायची, दगडांत घालायची आणि वर टवक्यांचं दुःख करायचं? चालवा हो बिनधास्त. विकताना चार पैसे कमी येतील, एवढंच.

पंधराचा_पाना

गप्पीदास, टवक्यांपुरतं तुमचं खरं आहे. खाचेपुरतं नाही.

टेकडीकर, तुम्ही एका दमात तीन वेगळ्या तक्रारी सांगितल्यात. पुढच्या कडेवरचे बारीक टवके आहेत ते पुढच्या चाकाने उडवलेल्या खडीचे. मधला चकचकीत पट्टा तुमच्या स्वतःच्या पायातल्या बुटाचा. टाच आत वळवून पेडल मारायची सवय असेल तर बुटाची कड दर फेरीला क्रँकला घासते, आणि पावसाळ्यात मध्ये चिखल असतो. टोकाचं जे झालंय ते मात्र सरळसरळ दगडावर आपटून.

आता तो काळा रंग. तो बहुधा रंग नाहीच, ॲनोडायझिंग आहे. ॲल्युमिनियमच्या अंगावरचाच ऑक्साइड विजेच्या साहाय्याने जाड करायचा आणि त्यात रंग मुरवायचा. नेहमीच्या कामात या थराची जाडी ५ ते २५ मायक्रॉन, हार्ड ॲनोडायझिंग असेल तर ५० च्या आसपास. थर जबरदस्त कठीण असतो, पण त्याच्या खालचा धातू मऊ. आपल्या टेकडीचा काळा पाषाण कठीणपणाच्या मोह्स मापपट्टीवर सहाच्या जवळपास, त्यातल्या गारगोट्या सातच्या. ॲल्युमिनियम तीनच्याही खाली. दगड बसला की धातू दबतो, वरच्या थराला मात्र दबता येत नाही, तो तडकतो आणि टवका उडतो. म्हणजे थर हलका निघाला असं समजून दुकानदाराशी भांडू नका, चांगल्यातल्या चांगल्या क्रँकचंही हेच होतं.

उघड्या पडलेल्या धातूला काही होत नाही. ॲल्युमिनियम हवेत स्वतःवर पातळ ऑक्साइड लगेच धरतं आणि तिथेच थांबतं. लोखंड जसं गंजून आत आत खात जातं तसं इथे घडत नाही.

खाच मात्र बघायला हवी. दांड्याच्या लांबीत गेलेला ओरखडा बहुतेक वेळा निभावतो. आडवा असेल तर पेडलवरचा प्रत्येक दाब त्या खाचेच्या तळाशी एकवटतो. स्टीलमध्ये ताणाची अशी एक मर्यादा असते, की तिच्या खाली राहिलात तर कितीही फेऱ्या मारा, तडा जात नाही. ॲल्युमिनियममध्ये तशी मर्यादा नाही, प्रत्येक फेरी हिशेबात धरली जाते. आणि क्रँक मोडतात ते बहुतेक करून पेडलच्या भोकाच्या कडेला किंवा स्पायडरच्या (पुढचं दातेरी चाक, म्हणजे चेनरिंग, धरणाऱ्या फाट्यांच्या) सांध्याला. तुमची खाच नेमकी पेडलच्या भोकाजवळ आहे. फोटो टाका, शेजारी नाणं ठेवून. मग बूट की ट्यूब ते बोलू.

निशा_ट्रेल

+१, आधी फोटो.

कॉटरपिन

आमच्या काळी असले लाड नव्हते. स्टीलचा क्रँक, वरून क्रोम, आणि बीबीच्या (क्रँक ज्यावर फिरतो त्या मधल्या बेअरिंगच्या) आसाला कॉटर पिन ठोकून बसवलेला. आपटला तर दगडाचाच टवका उडायचा! पिन ढिली झाली की पायंडल मारताना खट्‌ खट्‌ व्हायचं, गल्लीच्या तोंडाला असलेल्या दुकानात पोरगा हातोडीचे दोन घाव घालायचा, झालं काम. क्रोम उडून गंज धरायचा तिथे खोबरेल तेलाचा बोळा फिरवायचा. वजनाचं मात्र विचारू नका. चालू द्या.

टेकडीकर

फोटो टाकला. एक रुपयाचं नाणं शेजारी आहे. खाच पेडलच्या भोकापासून साधारण बोटभर वर, पुढच्या कडेवर.

पंधराचा_पाना

पाहिली. कड उलटी होऊन वर आलीय, खोली अर्ध्या मिमीच्या आत वाटते. माझ्या मते क्रँक बाद नाही, पण खाच अशीच ठेवून तिच्यावर बूट चढवू नका.

आधी तडा आहे का ते बघा. कारखान्यात आम्ही यासाठी डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्ट करतो, लाल रंगाचं पातळ द्रावण आणि वरून पांढरा डेव्हलपर. घरी तेवढी सोय नसेल तर जुना उपाय आहे, रेल्वेच्या कारखान्यांत डीपी येण्याच्या आधी हाच वापरत. पेडल काढा. ती जागा स्पिरिटने स्वच्छ करा. शिवणयंत्राच्या तेलात थोडं रॉकेल मिसळून लावा आणि अर्धा तास सोडा. मग फडक्याने इतकं कोरडं पुसा की बोटाला तेल लागता कामा नये. त्यावर खडूची बारीक भुकटी भुरभुरवा. पेडल परत लावून त्यावर एकदा वजन टाका. तडा असेल तर आत मुरलेलं तेल बाहेर येतं आणि पांढऱ्या भुकटीवर केसाएवढी काळपट रेघ उमटते. नुसता ओरखडा असेल तर काही उमटत नाही, फार तर एखादा डाग. रेघ आली तर क्रँक भंगारात. तिथे दुरुस्ती, वेल्डिंग, डिंक, काही काही नाही.

रेघ नसेल तर बारीक दाताची अर्धगोल कानस घ्या. हात दांड्याच्या लांबीत फिरवायचा, आडवा अजिबात नाही. खाचेच्या दोन्ही कडा उताराच्या करायच्या, तळ गोलसर व्हायला हवा. नख अडकायचं थांबलं की कानस ठेवून द्या. मग ३२० चा पॉलिश पेपर, मग ६००, तोही लांबीतच. थोडा धातू जातो, तो जाऊ द्या. टोकदार तळापेक्षा थोडा बारीक दांडा बरा.

गप्पीदास

नवीन सायकलच्या क्रँकला कानस? मला वाटलं होतं मीच निर्दयी आहे.

उत्तर_किनारा

नॉर्थ व्हँकूव्हरहून टंकतोय. इकडे सगळा ग्रॅनाइट, ओली मुळं आणि वर्षातला बराच काळ पाऊस. रबरी बूट नसलेला क्रँक ट्रेलवर क्वचितच दिसतो. म्हाताऱ्या माणसाच्या काठीला खाली रबराचं बूच असतं ना, तसलाच प्रकार. टोकावर बसतो, पेडलसाठी दोन्हीकडे भोक, किंमत फार नाही, फाटला की दुसरा.

पण माझा मुद्दा वेगळाच आहे. टोक एवढं आपटतंय ते का? हिशेब करा. तुमच्या हार्डटेलच्या बीबीची जमिनीपासूनची उंची साधारण ३१५ मिमी धरू. त्यातून १७५ गेले, राहिले १४०. क्रँकचं टोक पेडलच्या आसाच्या खाली आणखी १५ मिमी तरी असतं. म्हणजे क्रँक तळाला असताना टोकाखाली मोकळी जागा १२५ मिमी, वीतभरही नाही, आणि ही सपाट रस्त्यावर, सायकल उभी असताना. फोर्क दबला, सायकल कलली की त्यातूनही वजा. दगडखाणीच्या वाटेवर वीतभर उंचीचे दगड पावलोपावली असणार.

इकडे गेल्या काही वर्षांत लोक १७५ वरून १७० आणि आता १६५, काही तर १६० वर आलेत. १७५ चा १६५ केलात की खाली सरळ १० मिमी मिळतात. दहा मिमी ऐकायला किरकोळ वाटतं, दगडावरून जाताना नाही वाटत. पुढे कधी क्रँक बदलायची वेळ आली तर लांबी तेवढी बघून घ्या.

तोपर्यंत फुकटचा उपाय म्हणजे पेडलिंगची पद्धत. खडकाळ भागात पूर्ण फेरी मारायची नाही. दोन्ही पेडल आडवी ठेवून पुढचं पाव फेरी दाबायचं, उलटं फिरवून परत वर आणायचं, परत दाबायचं. चढावरच्या दगडी पायऱ्यांवर यावाचून गत्यंतर नाही. उतारावर वेग असेल तर पेडल आडवीच. वळणावर बाहेरचं पेडल खाली.

सडा_ते_समुद्र

सिंधुदुर्गातून. आमच्याकडे काळा पाषाण नाही, सगळा जांभा. जांभा तसा ठिसूळ, आपटला तर खोल खाच पाडत नाही, पण कडेला दाणेदार असतो आणि मोठा पट्टाच्या पट्टा खरवडून काढतो. आणि लाल चिखल! सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, पावसाळ्यात एक फेरी मारून या, चिखल कुठे कुठे शिरतो ते कळेल.

मी रबरी बूट वापरत होतो. पावसाळा संपल्यावर काढून बघितलं तर बुटाच्या आत बारीक लाल गाळ बसलेला, आणि त्याखालचं काळं ॲनोडायझिंग घासून जांभळट-पांढरं. बाहेरच्या दगडांनी केलं नसतं तेवढं आतल्या गाळाने केलं. बूट ढिला असला की तो दर धक्क्याला किंचित हलतो आणि आतली माती घासत राहते. शिवाय आमच्या खाऱ्या हवेत आत ओल राहिली की उघड्या धातूवर पांढरी पूड धरते, बारीक खड्डे पडतात. वर पाना साहेबांनी ॲल्युमिनियम गंजत नाही म्हटलंय ते घाटावर ठीक. समुद्राकाठी मीठ त्याला सुखाने राहू देत नाही.

पंधराचा_पाना

बरोबर आहे, मीठ असेल तिथे माझं विधान मागे. क्लोराइड तो ऑक्साइड ठिकठिकाणी फोडतं आणि खड्डे पडतात. भोसरीत बसून समुद्र विसरायला होतो.

भंगारसम्राट

मी सांगू? मुळात ॲनोडायझिंगच काढून टाका. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात क्रँक बुडवला की काळा थर विरघळतो, मग पॉलिश मारून आरशासारखा चकाचक करायचा. टवका उडायला काही शिल्लकच नाही. ओरखडा आला की परत पॉलिश. जुने रोड क्रँक असे केलेले मी पाहिलेत, देखणे दिसतात.

पंधराचा_पाना

देखणे दिसतात, मान्य. पण कॉस्टिक ऑक्साइड संपल्यावर थांबत नाही, मग धातूच खायला लागतं. बुडबुडे दिसतात ते हायड्रोजनचे. हातमोजे, चष्मा, उघडी जागा, आणि वेळेवर नजर, एवढं जमत असेल तर अखंड घडवलेल्या साध्या क्रँकवर करा. पोकळ क्रँकवर आणि दोन भाग चिकटवून केलेल्या क्रँकवर चुकूनही करू नका. आत शिरलेलं द्रावण धुऊन निघत नाही.

चिकटवलेल्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. शिमानो या सायकलचे भाग बनवणाऱ्या कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये अल्टेग्रा आणि ड्युरा-एस या मालिकांमधले ११-स्पीडचे (मागे अकरा गिअरवाले) काही क्रँक तपासणीसाठी परत मागवले, जुलै २०१९ च्या आधी बनलेले. एकट्या अमेरिकेत ६,८०,००० च्या आसपास. दोन भाग सांध्यात सुटत असल्याच्या ४,५०० हून जास्त तक्रारी होत्या आणि सहा जणांना इजा झाली होती. ते रोडचे क्रँक, टेकडीकरांचा त्यात नाही. पण कोणाकडे जुनी रोड बाईक असेल आणि क्रँकच्या मागच्या बाजूची सांध्याची रेघ फिल्मखाली झाकली असेल, तर फिल्म काढा आणि ती रेघ उघडी ठेवा. सांधा सुटायला लागतो तो तिथे आधी दिसतो.

निशा_ट्रेल

कार्बन फायबरच्या क्रँकबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. माझ्या जुन्या सायकलला कार्बन क्रँक होता (कंपनीचं नाव लिहीत नाही, वाद नको). कार्बनला बूट हवाच, त्यात दुमत नाही. ॲल्युमिनियमवर आपटलं तर पोचा येतो, धातू वळतो, दिसतं. कार्बनवर आपटलं तर वरचा लॅकर (पारदर्शक रंगाचा थर) फक्त चरतो आणि आत थर सुटलेले असू शकतात.

माझ्याकडे झालं ते असं. पेडलच्या भोकात कार्बनमध्ये ॲल्युमिनियमचा इन्सर्ट, म्हणजे आत बसवलेली आटेदार बांगडी, असतो. चढावर जोर लावला की टिक्‌ टिक्‌ आवाज. पेडलला ग्रीस लावलं, बीबी काढून बसवला, चेनरिंगचे बोल्ट घट्ट केले, आवाज आहे तसाच. शेवटी बूट ओढून काढला तर इन्सर्टच्या भोवतीने बारीक गोल रेघ, आणि पेडल धरून हलवलं की इन्सर्ट हलतोय. बूट वर असल्यामुळे हे केव्हा सुरू झालं ते कळायला मार्ग नव्हता. क्रँक बदलला.

तेव्हापासून सायकल धुतली की बूट निघतो म्हणजे निघतो. बोटाने इन्सर्टची कड चाचपते, नंतर नाण्याने टोकापासून वरपर्यंत टकटक करत जाते. आवाज टणक आणि सारखा हवा. मध्येच बद्द वाजलं तर तिथे थर सुटल्याचा संशय. ही काही प्रयोगशाळेतली परीक्षा नव्हे, पण दोन्ही दांड्यांचा आवाज एकमेकांशी ताडून बघितला की फरक कानाला कळतो. आणि कार्बन क्रँकला पेडलखाली वॉशर द्यायला सांगितलं असेल तर तो फेकून देऊ नका, पेडलचा खांदा (आट्यांच्या मुळाशी असलेला रुंद भाग) कार्बनला कुरतडतो.

फक्त लॅकरचा टवका उडाला असेल, धागे दिसत नसतील, तर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात पुरतात. रिमूव्हर मात्र त्याच्या जवळ नेऊ नका, आजूबाजूचा रंग घेऊन जाईल.

टेकडीकर

निशाताई, हे फारच उपयोगी. म्हणजे बूट हवा, पण कायमचा नको.

चकचकीत

गाड्यांच्या डिटेलिंगच्या धंद्यात आहे. फिल्मची बाजू मांडतो. ही जी पॉलियुरेथेनची फिल्म आहे तिला सायकलवाले हेलिकॉप्टर टेप म्हणतात, कारण मूळ वापर हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या पुढच्या कडा वाळूने झिजू नयेत म्हणून. जाडी ०.२ ते ०.३५ मिमी. उडालेली खडी आणि बुटाची घासण यांना ती पुरून उरते. पुढची कड आणि मधला पट्टा या दोन्हींसाठी हीच लावा. दगडावर आपटलं तर मात्र काही उपयोग नाही, फिल्मही फाटते आणि खाली खाचही पडते. आमच्या धंद्यातले लोक हे सांगणार नाहीत, मी सांगतोय.

तयार संच विकत घ्यायची गरज नाही. कोणत्याही डिटेलिंगवाल्याकडे गाडीच्या बंपरच्या कामातून उरलेले तुकडे कचऱ्यात जातात. हातभर तुकडा मागा, कोणी नाही म्हणत नाही.

लावताना आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, चिकट ग्रीसचा अंशही नको. तुकड्याचे चारही कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा आधी उचलतो. साबणाचं पाणी फवारून फिल्म ठेवा, जागेवर सरकवा, मग मधून कडेकडे पाणी दाबून काढा. गोलाईवर हेअर ड्रायरने कोमट करत ओढा. कड शक्यतो क्रँकच्या मागच्या बाजूला संपवा, पुढच्या कडेवर नको, नाहीतर चिखल तिथूनच आत घुसतो. त्या दिवशी सायकल धुऊ नका.

भंगारसम्राट

हीट श्रिंक स्लीव्ह? तपकीर गल्लीत पाहिजे त्या मापाची मिळते. चढवायची, हॉट एअर गनने आवळायची, एकदम कंपनी फिनिश.

पंधराचा_पाना

अखंड ॲल्युमिनियमवर चालेल, दिसतेही छान. कार्बनवर आणि चिकटवलेल्या क्रँकवर नको, स्लीव्ह आवळायला शंभर अंशांच्या वर आच लागते आणि ती आच डिंकाच्या आणि रेझिनच्या भल्याची नाही. ॲल्युमिनियमवरही माझी तक्रार एकच, ती काढायची म्हणजे ब्लेडने कापायची. मग कोणी काढत नाही, आणि आत काय चाललंय ते बघत नाही.

टेकडीकर, तुमच्या सायकलला मी काय केलं असतं ते सांगतो. पुढची कड आणि बुटाची घासण लागते तो पट्टा, तिथे फिल्म. टोकाच्या चार बोटांना ट्यूब. फक्त चार बोटं. अख्ख्या दांड्याला मोजा चढवायचा नाही.

ट्यूब बारीक टायरच्या हायब्रिड सायकलची घ्या, ७०० बाय ३५ च्या आसपासची. एमटीबीची ट्यूब क्रँकच्या टोकावर ढिली पडते आणि सडा_ते_समुद्र म्हणतात तसा गाळ धरते. पंक्चरवाल्याकडे फाटक्या ट्यूबचा ढीग असतोच. व्हॉल्व्हपासून लांबचा, सरळ, न चिरलेला चार-पाच इंचाचा तुकडा. आतली पांढरी पावडर धुऊन टाका. पेडल काढा, डाव्याचे आटे उलटे हे लक्षात ठेवा, नाहीतर पाना आणि पोटरी दोन्ही मोडतील. तुकडा ओल्या क्रँकवर ओढून चढवा, टोकाच्या पुढे बोटभर मोकळा सोडून तो आत दुमडा.

आता महत्त्वाचं. पेडलच्या भोकावर ट्यूबला भोक पाडाल ते पेडलच्या आट्यांच्या मापाचं नाही, पेडलच्या खांद्यापेक्षा मोठं. आटे साधारण १४ मिमीचे, खांदा त्याहून बराच मोठा असतो. भोक २२ मिमीचं तरी हवं. रबर खांद्याच्या आणि क्रँकच्या मध्ये सापडलं की पेडल घट्ट केल्यासारखं वाटतं, पण ते रबरावर बसलेलं असतं. रबर दबत जातं, पेडल सैल होतं, आणि सैल पेडल क्रँकचे आटे खाऊन टाकतं. टवक्यापासून वाचवायला गेलेला क्रँक असा जातो. दुकानात हे नेहमी बघायला मिळतं. विकतच्या बुटालाही हाच नियम.

दुमडलेल्या टोकाला खालच्या बाजूने दोन बारीक छिद्रं पाडा, पाणी निघून जाईल. पेडल ग्रीस लावून कंपनीने सांगितलेल्या टॉर्कला, बहुतेकांचा ३५ ते ५५ न्यूटन-मीटरमध्ये असतो.

सडा_ते_समुद्र

छिद्रांची कल्पना आवडली. बुटालाही पाडतो.

गप्पीदास

मी हसत होतो, पण धागा वाचता वाचता खाली जाऊन माझ्या क्रँकवर नख फिरवून आलो. लांबीतले ओरखडे आहेत, आडवं काही नाही. चहा घेतो.

कॉटरपिन

गप्पीदास, पायंडलच्या भोकाच्या मागच्या बाजूला नख फिरवलंत का? तिथे बघायला वाकावं लागतं म्हणून कोणी बघत नाही.

गप्पीदास

परत खाली जातो.

टेकडीकर

खडूची परीक्षा झाली. शाळकरी पोराच्या कंपासपेटीतला खडू कुटून घेतला. रेघ उमटली नाही, खाचेच्या तळाला एक फिकट डाग तेवढा आला. कानस फिरवली, आता नख सरकतं. तो भाग चकचकीत पांढरा दिसतोय, काळ्या क्रँकवर उठून. राहू दे. खूण राहील कुठे नजर ठेवायची त्याची, म्हणून तिथे ट्यूब थोडी आखूडच कापलीय, ती जागा उघडी आहे. फिल्मचा तुकडा गाडीवाल्याने खरंच फुकट दिला.

एक शंका, डाव्या बाजूला दुमडलेली ट्यूब आतल्या अंगाने फ्रेमच्या चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीला) लागेल का? आत्ता तरी फट दिसतेय.

पंधराचा_पाना

क्रँक हाताने पूर्ण फिरवून बघा, आणि मग एकदा सायकलवर बसून, उभं राहून जोर लावताना कोणाला तरी मागून बघायला सांगा. जोरात फ्रेम आणि क्रँक दोन्ही थोडे लवतात. चार-पाच मिमी फट असेल तर निर्धास्त. कमी असेल तर आतल्या बाजूचं रबर कापून टाका, दगड लागतात ते बाहेर आणि खाली.

वॉटमोजणी

धागा जुना होण्याआधी विचारतो. माझ्या डाव्या क्रँकच्या आतल्या बाजूला पॉवर मीटर आहे, म्हणजे क्रँक किती लवतो त्यावरून पायाचा जोर वॉटमध्ये मोजणारी डबी. तोही दगडाने फुटेल अशी भीती वाटते. त्यावरून फिल्म किंवा ट्यूब गुंडाळली तर रीडिंगमध्ये फरक पडेल?

उत्तर_किनारा

वॉटमोजणी, तो आतल्या बाजूला असतो म्हणून दगडापासून बऱ्यापैकी लांब आहे, त्याला धोका चिखलाचा आणि प्रेशर वॉशरचा जास्त. पातळ फिल्मने रीडिंगला काही होत नाही, ॲल्युमिनियमच्या मानाने ती इतकी मऊ आहे की क्रँकचं लवणं तिला अडवता येत नाही. पण बॅटरीच्या झाकणावरून फिल्म नेऊ नका. झाकण उघडायला दर वेळी फिल्म फाडावी लागेल आणि त्याखाली पाणी साठलं तर बॅटरीच्या पट्ट्या हिरव्या पडतील. ट्यूब तिथवर नेऊच नका, वर सांगितलेली चार बोटं टोकाची, मीटरची डबी त्याच्या वर येते. टोकाला काही चढवून झालं की पेडल घट्ट करून एकदा झिरो ऑफसेट करा (पायाचा भार नसताना मीटर शून्यावर आणा), आणि बाहेरच्या हवेत सायकल थोडी राहू देऊन मग करा, घरातून काढल्या काढल्या नको.

वॉटमोजणी

धन्यवाद. झाकणावर आधीच एक पट्टी लावलेली आहे, आज काढतो.